चर्चा: आरसी पोकलेनचा हायड्रॉलिक पंप बाहेरून मागवायचा की भोसरीत बनवून घ्यायचा?

बूमबकेट (धनकवडी):
मंडळी, माझं मत सरळ मांडतो, पटलं नाही तर खोडून काढा. १:१४ चं (खऱ्याच्या चौदाव्या भागाएवढं) रिमोटवालं पोकलेन खऱ्या हायड्रॉलिकवर चालवायचं म्हटलं की आपल्यातले बहुतेक जण पंपापाशी येऊन अडतात. बूम (मुख्य हात), बकेट, ट्रॅक सगळं जमतं, कोणी थ्रीडी प्रिंट करतं कोणी पत्रा लेझर कट करून आणतं, आणि मग पंप शोधायला बसलं की युंग नाहीतर लाइमबाखसारखे जर्मन पंप दिसतात, पाच आकडी किंमत, वर कुरिअर, वर कस्टम. पार्सल खेळणं म्हणून धरलं तर विषयच संपला कारण खेळण्यांवरची बेसिक ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ ला ७०. चायनीज पंप स्वस्त आहेत पण अलीएक्स्प्रेस नोव्हेंबर २०२० पासून बंद, म्हणजे मध्यस्थ शोधा नाहीतर परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेवर डोळा ठेवा.

आणि आपण राहतो कुठे तर पुण्यात! तळेगावला जेसीबीचा कारखाना, चाकणला ह्युंदाईची पोकलेन तयार होतात, भोसरी एमआयडीसीत तर गिअर कटिंग, वायरकट (विजेच्या तारेनं धातू कापणं), सरफेस ग्राइंडिंग गल्लोगल्ली. इथल्या माणसानं काडेपेटीएवढ्या गिअर पंपासाठी तोंड वेंगाडून बसावं हे मला खरंच पटत नाही.

हिशोब बघा. १० मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर, २० बार प्रेशर, जोर मिळतो १५७ न्यूटन, म्हणजे साधारण १६ किलो. स्ट्रोक ६० मिमी धरला तर एका सिलिंडरला ४.७ मिली तेल. बूमचे दोन, आर्मचा (पुढच्या हाताचा) एक, बकेटचा एक, चारही एकदम दोन सेकंदात हलवायचे तर मिनिटाला ५६५ मिली लागतं. ०.८ मॉड्यूल (दाताच्या आकाराचं माप), १० दात, ५ मिमी रुंदीची गिअरची जोडी एका फेऱ्याला ०.२ सीसी देते, ब्रशलेस मोटर ३००० आरपीएमला चालवली की कागदावर ६०० मिली. जमतंय की! दहा-बारा जणांनी मिळून एक लॉट काढूया असं माझं म्हणणं आहे.

मायक्रॉन (भोसरी):
दादा मी ग्राइंडिंगच्या शॉपमध्येच असतो रोज, म्हणून बोलतो, राग मानू नका. हिशोब बरोबर आहे पण "कागदावर" हा शब्द तुम्ही घाईत ओलांडलात. गिअर पंपात तेल दातांच्या टोकावरून आणि गिअरच्या दोन्ही बाजूंच्या फटीतून मागे गळतं, आणि ही गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट २० मायक्रॉनची ४० झाली की गळती दुप्पट नाही, आठपट. मोठ्या पोकलेनच्या पंपात हे खपून जातं कारण मुळात तेलच भरपूर ढकलतो तो, तुमच्या ०.२ सीसीच्या पंपात तेवढीच फट सगळं तेल खाऊन टाकेल. मोटर ओरडत राहील आणि बूम जागचा हलणार नाही.

दुसरं, रेटचं. शॉपवाला दहा पीसला सेटिंग चार्ज लावणार. वायरकटचे तास वेगळे, बॉडीत दोन बुश एका सेंटरला बसवायचं काम वेगळं, गिअरच्या बाजूची साइड प्लेट लॅप करायला, म्हणजे घासून एकदम सपाट करायला, अनुभवी हात हवा आणि तो माणूस दिवसाचे पैसे घेणार. हजार पीस असते तर गोष्ट वेगळी होती. दहाच्या लॉटमध्ये चायनीज पंपाच्या खाली तुम्ही येणार नाही हे आत्ताच लिहून देतो.

लीडस्क्रू:
मुळात तेल हवंच कशाला? एन२० (छोटी गिअरवाली) मोटर आणि लीडस्क्रूचा लिनियर ॲक्ट्युएटर लावा, म्हणजे मोटरनं स्क्रू फिरतो आणि नट पुढे-मागे सरकतो, तापकीर गल्लीत मोटर मिळते, स्क्रू ऑनलाइन. ना गळती ना वास, फ्लॅटमध्ये गालिच्यावर चालवता येतं. १:१४ ला तो जोर पुरतो. हायड्रॉलिक म्हणजे हौसेला मोल नाही एवढंच.

बूमबकेट:
@लीडस्क्रू, फ्लॅटमध्ये चालवायचं असेल तर तुमचा मार्ग चांगला आहे, पण आम्हाला खरी मुरूम माती उपसायचीये. बकेट दगडाला अडली की स्क्रूच्या नटावर झटका बसतो आणि प्लास्टिकचा नट सोलून निघतो. हायड्रॉलिकमध्ये रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, तेल टाकीत परत जातं, काही तुटत नाही. आणि चार हालचाली एकाच पंपावर एका लयीत एकत्र होतात ना, बूम उचलता उचलता बकेट आत येते, ते बघण्यासाठीच तर हे सगळं. हौस आहे, मान्य, पण हौसेतही काम नीट झालं पाहिजे.

@मायक्रॉन, तुमचं घनाचं गणित बरोबर, त्याचं उत्तर विचार करून देतो.

रविवार_जुना_बाजार:
एवढं काय डोकं फोडताय, जुन्या बाजारात नाहीतर नाना पेठेत स्कूटरचा ऑइल पंप मिळतो भंगारात, मोटर जोडा झालं काम. नाहीतर आरओ फिल्टरचा पंप, २४ व्होल्टवर चालतो

मायक्रॉन (भोसरी):
नको भाऊ. आरओचा पंप सात-आठ बारच्या पुढे जात नाही आणि तो पाण्यासाठी आहे, पाण्याच्या पंपांत बऱ्याचदा ईपीडीएम रबर असतं, मिनरल हायड्रॉलिक ऑइलमध्ये ते फुगतं आणि खराब होतं. तेलाला एनबीआर (नायट्राइल रबर) लागतं. स्कूटरचा ऑइल पंप इंजिनला वंगण पोचवायला केलेला असतो, थोड्या बारवर तेल फिरवायचं एवढंच काम, फटी त्याच हिशोबाच्या. २० बारला तो तेल आतल्या आत फिरवत बसेल. उगाच कोणी पैसे घालवू नका यात.

कर्वेनगर_मॉडेलर:
मला दोघांचंही म्हणणं अपुरं वाटतंय. पंप, पंप, पंप! अहो या सिस्टीममध्ये खर्चिक आणि नाजूक वस्तू पंप नाहीये, व्हॉल्व्ह ब्लॉक आहे, कुठल्या सिलिंडरला तेल जाणार ते ठरवणारा. सर्व्होनं (रिमोटवरच्या छोट्या मोटरनं) ढकलायचा स्पूल, म्हणजे आतला सरकता दांडा, त्याच्या बोअरमध्ये मोजक्या मायक्रॉनच्या फटीत सरकला पाहिजे, अडकायलाही नको आणि गळायलाही नको, नाहीतर बूम उभा करून हात काढला की तो हळूहळू खाली बसतो. म्हणजे पंप भोसरीत बनवलात तरी व्हॉल्व्हसाठी बाहेरच हात पसरायचा आहे. मग पार्सल येणारच आहे तर पंपही त्यातच मागवा आणि जे इथे खरंच स्वस्तात आणि उत्तम होतं ते इथे करा, टाकी, सिलिंडर, फिटिंग. सिलिंडरच्या रॉडला लिनियर बेअरिंगवर वापरतात तो क्रोमचा ग्राउंड रॉड लावा, ओ-रिंग एनबीआरची घ्या, ती बोहरी आळीत मिळते.

आणि एक, नळी न्यूमॅटिकची पीयू ट्यूब घेऊ नका कोणी. ती साधारण १० बारची असते, २० बारला फुटली तर तेल डोळ्यात. नायलॉनची घ्या आणि तिच्यावर छापलेलं प्रेशर वाचून घ्या, टेस्टिंगच्या वेळी चष्मा लावा. हे मी प्रत्येक वेळी लिहिते आणि प्रत्येक वेळी कोणीतरी निळी पीयू ट्यूब लावलेला फोटो टाकतं.

बूमबकेट:
ताई, नळीचं एकशे एक टक्के. पण पार्सलच्या मुद्द्यावर माझं मत तेच आहे. व्हॉल्व्ह एकदा आला की वर्षानुवर्षं टिकतो, तेल स्वच्छ ठेवलं तर. झिजतो तो पंप. उद्या बाहेरून आणलेल्या पंपाचं शाफ्ट सील गेलं, साइड प्लेट खरवडली, तर सुटा पार्ट मिळत नाही, अख्खा पंप परत मागवा. आपल्या ड्रॉइंगवर आपण बनवलेला असेल तर गिअर बदलता येईल, प्लेट पुन्हा लॅप करता येईल. स्वस्त म्हणजे नुसती पहिली किंमत नाही हो.

मायक्रॉन (भोसरी):
हा मुद्दा मात्र वजनदार आहे. रिपेअरचा विचार केला तर मी थोडा तुमच्या बाजूला येतो, पण मग पोकलेनचं डिझाइन पंपाला धरून बदला. २० बारचा हट्ट सोडा. सिलिंडर १२ मिमी बोअरचा घ्या आणि १५ बारवर चालवा, जोर १७० न्यूटन मिळतो, म्हणजे १० मिमीला २० बारवर मिळतो त्याहून जरा जास्तच. गळती प्रेशरच्या प्रमाणात असते, ती तिथेच पाव भागानं कमी. तेल जास्त लागेल, साधारण दीडपट, म्हणून गिअर ५ मिमीऐवजी ८ मिमी रुंद करा, त्यानं गळतीत फारसा फरक पडत नाही कारण बाजूची फट तेवढीच राहते. आणि तेल व्हीजी (दाटपणाचा नंबर) ३२ ऐवजी ४६ भरा. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात टाकी तापली की तेल पातळ होतं आणि पातळ तेल जास्त गळतं. एवढं केलंत तर ३० मायक्रॉनमध्ये बनलेला पंपही काम देईल आणि ३० मायक्रॉन आमच्याकडचा कोणताही चांगला फिटर देतो.

लीडस्क्रू:
१२ मिमी बोअर म्हणजे बाहेरून १४-१५ मिमीचा नळा. खऱ्या मशीनच्या हिशोबानं २० सेंटिमीटरच्या आसपास जाड दिसणार तो. २०-२२ टनी पोकलेनवर एवढा जाड बूम सिलिंडर नसतो. मग स्केल मॉडेल कशाला म्हणायचं?

कर्वेनगर_मॉडेलर:
याबाबत मी लीडस्क्रूंच्या बाजूनं. बूमचे सिलिंडर समोरूनच दिसतात, नजर पहिली तिथेच जाते. मी १० मिमीच लावणार आणि पंप बाहेरूनच मागवणार.

रविवार_जुना_बाजार:
मोठं मशीन धरा ना मग, ४५-५० टनी. त्याचे जॅक जाडच असतात

बूमबकेट:
हे उत्तम सुचवलंत! एवढं मोठं धरलं तर १२ मिमी शोभून दिसतं आणि बॉडीत टाकी-पंपाला जागाही मिळते. मी ड्रॉइंग काढायला घेतो, १२ मिमी, १५ बार, गिअर ८ मिमी. रिमोटमध्ये मिक्सिंग असं करायचं की दांड्या मध्यावर असल्या की पंप थांबेल, म्हणजे तेलही तापणार नाही आणि बॅटरीही टिकेल. ज्यांना १० मिमी हवाय त्यांनी खुशाल बाहेरून घ्या, पण लॉटमध्ये कोण कोण आहे ते खाली लिहा, त्यावर शॉपमध्ये रेट विचारता येईल.

मायक्रॉन (भोसरी):
ड्रॉइंगमध्ये शाफ्ट सीलच्या मागून सक्शन बाजूला एक ड्रेनचं भोक दाखवा, विसरू नका. साधं ऑइल सील अर्ध्या बारच्या वर टिकत नाही, ड्रेन नसेल तर सुरू करताच बाहेर येईल. आणि रिलीफ व्हॉल्व्ह पंपाच्या बॉडीतच घ्या, वेगळा ठेवलात की कोणीतरी तो न लावताच चालवेल. एक नाव माझं धरा.