ईईजीवरून हालचाल आधीच ओळखणारे मॉडेल प्रत्यक्ष रोबोटिक हातावर का फसते?

प्रश्न

नमस्कार. हात हलण्याआधीच ३२ वाहिन्यांच्या ईईजीवरून (डोक्यावरच्या इलेक्ट्रोडनी टिपलेल्या मेंदूच्या विद्युत संकेतांवरून) ती हालचाल ओळखायची आणि त्या अंदाजावर रोबोटिक हाताकडून वस्तू उचलून घ्यायची, असा माझा पदव्युत्तर प्रकल्प आहे. साठवलेल्या नोंदींवर मॉडेल जवळजवळ चुकतच नाही. परंतु तीच व्यक्ती इलेक्ट्रोडची टोपी घालून समोर बसली की रोबोटिक हात एक तर उशिरा हलतो किंवा कारण नसताना हलतो. संपूर्ण नोंद मी आधी ०.५ ते ४० हर्ट्झच्या फिल्टरमधून पुढून आणि मागून अशी दोनदा काढली, मग तिचे १ सेकंदाचे, अर्धे एकमेकांवर येणारे तुकडे केले आणि ते सरमिसळ करून प्रशिक्षण व चाचणी यांत वाटले. यात दोष मॉडेलचा आहे, की मुळात ही कल्पनाच चुकीची आहे?

उत्तर १

कल्पना चुकीची नाही. स्वेच्छेने केलेल्या हालचालीच्या सुमारे १ सेकंद आधीपासूनच मेंदूच्या संकेतात एक मंद ऋण उतार दिसू लागतो, हे कॉर्नह्यूबर आणि डेके या संशोधकांनी १९६५ मध्ये दाखवले. हालचालीच्या तयारीत विरुद्ध बाजूच्या मोटर कॉर्टेक्सवरची (मेंदूच्या हालचाल चालवणाऱ्या भागावरची) ८ ते १३ हर्ट्झची म्यू लय क्षीण होते, हेही पक्के आहे. मात्र तो उतार अनेक हालचालींच्या नोंदींची सरासरी काढल्यावर स्पष्ट झाला होता. एकेका हालचालीत तो इतर लहरींमध्ये बुडालेला असतो.

तुमचा दोष मला फिल्टरमध्ये दिसतो. मागून पुढे फिरवलेल्या फिल्टरला भविष्यातली नोंद लागते, त्यामुळे हालचाल सुरू झाल्यावर उमटणारे मोठे बदल काळात मागे पसरतात आणि मॉडेलला ‘आधीचे’ म्हणून जे मिळते त्यात ‘नंतरचे’ मिसळलेले असते. थेट वापरात ते भविष्य उपलब्धच नसते. शिवाय अर्धे एकमेकांवर येणारे तुकडे सरमिसळ केल्यामुळे चाचणीतल्या बहुतेक तुकड्यांचा काही भाग मॉडेलने प्रशिक्षणातच पाहिलेला आहे. एकाच दिशेचा फिल्टर वापरा, त्याचा विलंब मान्य करा, आणि चाचणीसाठी एक संपूर्ण सत्र वेगळे ठेवा. वस्तू पकडून उचलण्याच्या ईईजी नोंदींवर कॅगल या डेटा-स्पर्धांच्या संकेतस्थळाने २०१५ मध्ये स्पर्धा घेतली होती (१२ व्यक्ती, ३२ वाहिन्या, हालचालीचे सहा टप्पे). तिच्यातही भविष्यातली माहिती वापरायची नाही, असाच नियम होता. त्या नोंदी सरावासाठी उत्तम आहेत.

उत्तर २

डोळ्यांची हालचाल आणि मानेचे स्नायूही तपासा. हात पुढे नेण्याआधी नजर वस्तूकडे जाते, आणि तिचा संकेत मेंदूच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठा असतो. सी३, सी४ (मोटर कॉर्टेक्सवर येणारे इलेक्ट्रोड) आणि त्यांच्या शेजारचे इलेक्ट्रोड वगळूनही मॉडेल तितकेच चांगले चालत असेल, तर ते बहुधा डोळे वाचत आहे.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. दोन्ही सुधारणा केल्यावर साठवलेल्या नोंदींवरची अचूकता बरीच घसरली, पण आता थेट चाचणीचा निकाल तिच्या जवळ येतो. मात्र एक शंका उरते: मग पक्षाघात झालेल्या व्यक्तींनी केवळ विचाराने रोबोटिक हात चालवला, तो कसा?

उत्तर ३

ते संकेत कवटीच्या आतून घेतलेले होते. मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याच्या ब्रेनगेट प्रयोगातील ज्या महिलेने रोबोटिक हाताने बाटली उचलून कॉफी प्यायली, तिच्या मोटर कॉर्टेक्समध्ये जेमतेम ४ मिलिमीटर रुंदीची, ९६ इलेक्ट्रोडची जाळी बसवलेली होती. तो अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मोटर कॉर्टेक्समधली एकेक चेतापेशी विशिष्ट दिशेच्या हालचालीला अधिक प्रतिसाद देते आणि अनेक पेशींचा कल एकत्र केला की अभिप्रेत दिशा कळते, हे जॉर्गोपोलस या संशोधकांनी १९८० च्या दशकात माकडांवरील प्रयोगांतून दाखवले होते. कवटीवरच्या इलेक्ट्रोडपर्यंत मात्र असंख्य पेशींची गोळाबेरीज तेवढी पोहोचते आणि दिशेचा हा बारकावा तिच्यात बहुतांशी विरून जातो.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कॉफीच्या त्या कृतीतही सगळा भार मेंदूच्या संकेतांवर नव्हता: टेबलाच्या पातळीतली हालचाल त्या महिलेच्या संकेतांवर चालत होती, तर पकडणे आणि बाटली कलती करणे हे ठरवून दिलेले टप्पे होते, जे मूठ मिटण्याच्या तिच्या इराद्याने सुरू होत. तुमच्याकडे ईईजी असल्यामुळे ही विभागणी आणखी पुढे न्या. मेंदूकडून फक्त ‘सुरू कर’ आणि ‘थांब’ घ्या. बोटांचा मार्ग, पकडीचा जोर आणि वस्तूचे स्थान रोबोटच्या कॅमेऱ्यावर व संवेदकांवर सोडा.

किती खात्री झाल्यावर हात हलवायचा, तो उंबरठा ठरवताना उशिरापेक्षा नको असलेल्या हालचालीची अधिक काळजी घ्या, कारण न सांगता हलणाऱ्या हातावरचा वापरणाऱ्याचा विश्वास लवकर उडतो. सलग तीन-चार तुकड्यांत तोच निकाल आला तरच आज्ञा द्या. त्याआधी त्या व्यक्तीला दहा मिनिटे नुसते बसवून, बोलायला लावून नोंद घ्या आणि त्या वेळात रोबोटिक हात किती वेळा हलला असता, ते मोजा.