कीबोर्ड, रंगकाम आणि कलम ८१ (सोसायटीच्या ग्रुपवरून)

ए-४०३: काल रात्री पावणेअकरापर्यंत पियानो चालू होता. तोच तोच तुकडा. कोणाकडे आहे? बाबांना झोप लागत नाही हो.

ए-५०३: सॉरी काकू, आमच्याकडेच. लेकाच्या क्लासचा कार्यक्रम आहे, लुदोविको एइनाउदी या इटालियन संगीतकाराचं वाजवायचंय त्याला. दहाला बंद करायला लावते आजपासून.

बी-१०१: एइनाउदी? इटलीतल्या तुरिनचे का? मग या संगीतकाराचे आजोबा मला चांगले ठाऊक आहेत. लुइजी एइनाउदी. १९४८ ते १९५५ इटलीचे राष्ट्राध्यक्ष. मूळ पेशा तुरिन विद्यापीठात सार्वजनिक वित्त शिकवण्याचा. त्यांचा मुलगा जुलिओ, त्याने १९३३ मध्ये प्रकाशनसंस्था काढली. आणि जुलिओचा मुलगा म्हणजे हा तुमचा पियानोवाला.

ए-४०३: म्हणजे आजोबांनी कर लावले आणि नातवाने झोप उडवली 😄

खजिनदार: सर, माफ करा, पण रंगकामाचा विषय वर गेला. पुन्हा टाकतो. सूचना आल्यात: दोन्ही विंगना बाहेरून रंग, नवा जनरेटर, जिमला दोन मशीन. सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या कामांसाठी साठवलेल्या पैशात, यातलं एकच काम बसतं. कोणतं, ते सांगा.

बी-३०४: तिन्ही करा. एकदाच होऊन जाईल.

बी-१०१: खजिनदार, मी विषय सोडलेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीची नवी राज्यघटना लिहिली गेली तेव्हा हे लुइजी एइनाउदी संविधान सभेत होते. त्यांच्या आग्रहाने कलम ८१ मध्ये एक वाक्य आलं. भावार्थ असा: ज्या कायद्याने नवा किंवा वाढीव खर्च येतो, त्याच कायद्याने पैसा कुठून आणायचा तेही सांगायचं. लोकप्रतिनिधींना खर्च सुचवायला मजा येते आणि कर लावताना घसा कोरडा पडतो, हे त्यांना चांगलं माहीत होतं. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, १९४९ मध्ये, संसदेने मंजूर केलेले दोन कायदे त्यांनी याच कारणासाठी परत पाठवले.

खजिनदार: 🙏🙏 सर हे वाक्य नोटीस बोर्डावर लावू का?

बी-३०४: टोमणा कळला. पण सर, एवढं कलम असून इटलीवर डोंगराएवढं कर्ज कसं?

बी-१०१: रास्त प्रश्न. पळवाट निघाली. कर्ज काढणं हेही पैसा आणण्याचं साधनच, असं पुढच्या लोकांनी धरलं.

बी-३०४: मग आपणही लोन काढू 😂

खजिनदार: काढा. हप्ता मेंटेनन्समध्ये लावतो, मग ग्रुपवर या.

सी-२०२: सर, मी थोडं वाचलं. १९३१ मध्ये मुसोलिनीने प्राध्यापकांकडून फॅसिस्ट राजवटीशी निष्ठेची शपथ लिहून घेतली होती. बाराशेच्या आसपास प्राध्यापक, नकार देणारे जेमतेम डझनभर. तुरिनमधले फ्रांचेस्को रुफिनी त्या नकार देणाऱ्यांत होते. एइनाउदींनी मात्र सही केली. हेही सांगा ना.

बी-१०१: सांगायलाच हवं. केली सही. तत्त्वज्ञ बेनेदेत्तो क्रोचेंचाही सल्ला होता की नोकरी सोडू नका, जागा रिकामी केलीत तर तिथे फॅसिस्ट बसेल. तर्क म्हणून ठीक आहे. पण ताई, मी पस्तीस वर्षं स्टाफरूममध्ये काढली आहेत. "मी नाही तर दुसरा कोणी वाईट येईल" हे वाक्य किती सोयीचं असतं ते मला विचारा. रुफिनींसमोर ते थोडं लहान दिसतात, एवढं मान्य.

सी-२०२: आणि सही करून काय मिळालं?

बी-१०१: वर्ग राहिला. मासिक नाही राहिलं. त्यांचं 'ला रिफोर्मा सोचाले' राजवटीने १९३५ मध्ये बंद केलं. त्याच वर्षी जुलिओला अटक झाली. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन फौजा आल्या, तेव्हा एकोणसत्तराव्या वर्षी आल्प्स ओलांडून स्वित्झर्लंडला गेले. पाय अधू, हातात काठी.

ए-४०३: बापरे. आमचे हे लिफ्ट बंद असली की चौथ्या मजल्यावर येत नाहीत.

बी-१०१: १९४५ च्या जानेवारीत परत येऊन बँक ऑफ इटलीचे गव्हर्नर झाले. १९४७ पर्यंत भाव युद्धापूर्वीच्या जवळजवळ पन्नासपट झाले होते. म्हणजे रुपयाच्या पावाला पन्नास रुपये. १९४७ मध्ये त्यांनी बँकांना ठेवींचा ठराविक हिस्सा अडकवून ठेवायला लावला. बाजारातला पैसा आटला, साठेबाजांना माल बाहेर काढावा लागला, महागाई थांबली. कारखान्यांना कर्ज मिळेना, लोकांची कामं गेली, ती बाजूही आहे. डाव्यांनी त्यासाठी त्यांना कधी माफ केलं नाही. आणि एक गंमत. १९४६ मध्ये राजा ठेवायचा की प्रजासत्ताक व्हायचं यावर सार्वमत झालं, त्यात त्यांचं मत राजेशाहीला होतं, तसं वर्तमानपत्रात उघड लिहिलं होतं. दोन वर्षांत त्याच माणसाला प्रजासत्ताकाचा राष्ट्राध्यक्ष करून राजाच्या क्विरिनाले महालात बसवलं.

ए-५०३: सर, लेक विचारतोय आजोबा गाणं शिकले होते का?

बी-१०१: आजोबांचा छंद द्राक्षमळा आणि जुनी पुस्तकं. विशीतच दोलिआनी गावात मळा घेतला होता. त्याला पेअरची गोष्ट सांग. महालात काही लेखक-पत्रकार जेवायला होते. शेवटी फळांचं ताट आलं. एइनाउदी म्हणाले, मला पेअर हवा होता, पण हे फार मोठे आहेत, कोणी अर्धा घेईल का माझ्याबरोबर? सेवकाचा चेहरा पडला, अर्धं फळ वाढायचं कसं! एन्नियो फ्लायानो या लेखकाने हात वर केला आणि पुढे हा प्रसंग लिहून ठेवला. त्याच्या मते नंतरच्या राजवटीत अर्धा पेअर घेणारं कोणी उरलं नाही.

बी-३०४: सर, तुमची प्रवचनं छान असतात, पण मत कशाला द्यायचं?

बी-१०१: म्हातारपणी त्यांनीही लेखसंग्रहाला 'निरुपयोगी प्रवचने' असंच नाव दिलं होतं. माझं मत रंगाला. भिंतीत पाणी उतरतंय.

खजिनदार: रंग १. जनरेटर ०. जिम ०. बाकीचे?

बी-३०४: जिम. आणि पैसा कुठून ते सांगतो: वापरणाऱ्यांनी महिना वर्गणी भरायची.

खजिनदार: हे चालेल. नावं द्या.

बी-३०४: उद्या देतो.

ए-४०३: ५०३, दहा वाजून पाच झाले. बाबा म्हणतायत तुकडा संपेपर्यंत वाजवू दे, मधेच तोडला की जास्त त्रास होतो.