“नैसर्गिक” म्हणजे मांजराला चालतंच, हे ठरवलं कुणी?

मनीमाऊ_जुळेसोलापूर

आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर काल एक पोस्ट फिरली. “घरात मुकी जनावरं असतील तर केमिकल हद्दपार करा. व्हिनेगर, लिंबू, खायचा सोडा आणि बादलीत गवती चहाच्या तेलाचे दहा थेंब. शंभर टक्के सुरक्षित!” खाली बावीस जणांचे हात जोडलेले. तिथं भांडण नको म्हणून गप्प बसले. इथं बसणार नाही.

गेल्या मे महिन्यात मी हेच केलं होतं. मुंग्या झालेल्या, म्हणून पुसायच्या पाण्यात सुवासिक तेल टाकलं. बाहेर 44 डिग्री, म्हणून आमची भुरी गार ओल्या फरशीवर कुलरसमोर येऊन पसरली आणि मग निवांत पंजे चाटत बसली. संध्याकाळी तिच्या तोंडातून लाळेची तार छातीपर्यंत लोंबत होती. चालताना मागचे पाय फेंगडे पडत होते. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, “फरशी कशानं पुसली?” भांड्याच्या साबणानं तिला धुतलं, दोन सलाईन लागल्या, तिसऱ्या दिवशी जेवली.

बाटलीवर हिरवं पान छापलंय की नाही, यावर काही ठरत नाही. मांजर फरशीवरचं सगळं पायानं उचलतं आणि जिभेनं खातं. कशानंही पुसा, नंतर साध्या पाण्याचा एक हात मारा आणि वाळेपर्यंत दार लावून घ्या. मी बिनवासाचा भांड्याचा साबण वापरते, बादलीत चमचाभर. बास.

फटकळ_काका

ताई, चाळीस वर्षं आमच्या घरात काळं फिनाईल. वाड्यात कायम चार-पाच मांजरं. फिनाईलनं एकही मेलं नाही. दोन ट्रकखाली गेली, एक बोका कुणीतरी उचलून नेला. आता मांजराला डॉक्टर वेगळा, साबण वेगळा. फिनाईल नाही टाकलं तर मोरीतनं झुरळं वर येतात, त्यांना काय व्हिनेगर पाजू?

मनीमाऊ_जुळेसोलापूर

काका, बाकीच्यांचं पोस्टमॉर्टेम केलेलं का? मांजर चार दिवस खात नाही, माळ्यावर जाऊन मरतं, आणि आपण म्हणतो म्हातारं झालं होतं.

काळ्या फिनाईलमध्ये फिनॉलच्या जातीची रसायनं असतात. ती शरीराबाहेर टाकायचं यकृतातलं काम मांजराला नीट जमतच नाही. पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष होते ती त्याच कारणानं. कुत्र्याचं यकृत हे काम बरंच करतं, मांजराचं नाही. पांढऱ्या फिनाईलमध्ये बहुधा पाइनचं तेल असतं, तेही मांजराला चालत नाही. आणि महाग फ्लोअर क्लिनर घेऊन निर्धास्त होणाऱ्यांनी बाटली उलटी करून बेंझाल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशकाचं नाव शोधावं. ते ओलं असताना मांजरानं चाटलं की जीभ सोलवटते, आणि कळतं काही तासांनी.

लिंबूसोडा

ती पोस्ट मीच टाकली होती. नाव घेतलं नाहीत, उपकार झाले. तेलाचं मी वाचून लिहिलं, चुकलं असेल. पण व्हिनेगरला का नावं ठेवता? दोन वर्षं आमच्या शहाबादीवर मी व्हिनेगरचं पाणीच मारते. आमची लॅब्राडोर दिवसभर त्यावर लोळते, तिला काहीही झालेलं नाही.

शहाबादी_हीच_फरशी

थांबा. शहाबादीवर व्हिनेगर??

कुत्र्याला नाही झालं काही, फरशीला झालं असणार. ओ ताई, शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. त्यावर कुठलंही आंबट टाकलं की दगड खाल्ला जातो. खोटं वाटत असेल तर कोपऱ्यातल्या, कपाटामागच्या फरशीवर लिंबाचा एक थेंब टाका आणि खाली वाकून बघा. बारीक बुडबुडे येतात, सोड्यासारखे. पुसून घ्या, वाळू द्या. जिथं थेंब होता तिथं पांढुरका मऊ डाग राहील, बोट फिरवलं की खरखरीत लागेल. तो डाग पुसून जात नाही, घासून पॉलिश करावी लागते.

माझ्या आईनं पन्नास वर्षं नारळाच्या सोडणानं आणि साध्या पाण्यानं फरशी घासली. दिवेलागणीला देवघरातली समई फरशीत दिसायची. आता बोअरच्या पाण्यानं पांढरे डाग पडले की लोक टॉयलेटचं ॲसिड आणून ओततात, डागाबरोबर फरशीचं तोंडही जातं, मग म्हणतात दगड हलका होता, व्हिट्रिफाईड टाइल टाकू.

फटकळ_काका

घ्या. मांजरावरनं फरशीवर. आमच्याकडं व्हिट्रिफाईड आहे, तिला काहीही चालतं.

शहाबादी_हीच_फरशी

तुमच्याकडं व्हिट्रिफाईड आहे म्हणूनच मे महिन्यात दुपारी अनवाणी चालता येत नसेल. शहाबादी गार असते. गुलबर्ग्याकडून इतका चांगला दगड येतो आणि आपण घरात गुजरातची काच बसवतो.

लिंबूसोडा

कपाटामागं करून बघितलं. बुडबुडे आले. आता मला सगळ्या हॉलमध्ये डाग दिसायला लागलेत. धन्यवाद. छान झाला रविवार.

पूर्वभाग_बे

तुम्ही सगळे फरशीचं काय करायलात बे? माझं ऐका.

दोन वर्षांमागं माझं कुत्र्याचं पिल्लू पार्वोनं गेलं. पार्वो म्हणजे कुत्र्यांना होणारा विषाणूचा रोग. अडीच महिन्यांचं. रक्ताची हगवण, तीन दिवस, संपलं. मी त्याच घरात महिन्याभरात दुसरं आणायला निघालेलो. डॉक्टर ओरडले माझ्यावर. तो विषाणू घरात महिनाभर सहज टिकतो, मातीत तर कित्येक महिने. व्हिनेगर, सोडा, कडुलिंब, काळं फिनाईल, महाग क्लिनर, कशावर भरवसा ठेवायचा नाही. आधी साबणानं घाण काढायची, मग ब्लीच एक वाटी, पाणी तीस वाट्या, दहा मिनिटं फरशी ओली ठेवायची, मग धुऊन टाकायची. नैसर्गिकवाल्यांनी अडीच महिन्यांच्या पिल्लाला तडफडताना बघावं, मग बोलावं.

अन् ब्लीच ताजं घ्या. आपल्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये वर्षभर पडलेल्या बाटलीत दम राहत नाही.

लिंबूसोडा

मी पार्वोबद्दल एक शब्द लिहिला नव्हता. पिल्लाचं वाईट वाटलं, पण ते माझ्या अंगावर कशाला टाकता?

पूर्वभाग_बे

“शंभर टक्के” कुणी लिहिलं ताई? तुम्हीच की.

सात_रस्ता

सगळे शहाणे आहात. साबणानं पुसा, ब्लीच टाका, दहा मिनिटं थांबा, मग धुवा, परत साध्या पाण्यानं पुसा. पाणी कुठलं? आमच्याकडं नळ चार-पाच दिवसांनी येतो, तोही पहाटे कधीतरी. कुत्र्याच्या पायाखालची फरशी दोनदा धुवायला मी माणसांच्या पिण्याचं पाणी घालू? ज्यांच्या घरी बोअर आहे त्यांनीच असले सल्ले द्यावेत.

मी घरात प्राणी पाळत नाही, पण जिन्यात वरच्या मजल्यावरचं कुत्रं मुतून जातं. मी सरळ ॲसिड मारतो. वास गेला पाहिजे.

मनीमाऊ_जुळेसोलापूर

जिन्यात ॲसिड? तिथं लहान मुलं खेळतात ना? 2013 साली सुप्रीम कोर्टानं ॲसिडच्या खुल्या विक्रीवर बंधनं घातली. विकणाऱ्यानं नोंद ठेवायची, ओळखपत्र बघायचं. तुम्हाला कोण देतं?

सात_रस्ता

सायकलवर येतो, निळ्या कॅनमधनं देतो. ओळखपत्र बघायचंच तर तो माझं नाही, मी त्याचं बघेन.

पूर्वभाग_बे

सात रस्तावाले काका, एक सांगतो, राग मानू नका. त्या ॲसिडवर कधी ब्लीच ओतू नका. क्लोरीन वायू होतो. आमच्या शेजारी बाथरूममध्ये एक बाई दोन्ही टाकून दार लावून घासत बसल्या, खोकत खोकत बाहेर आल्या. मुतावर नुसतं ब्लीचसुद्धा नको, त्यातल्या अमोनियाशी मिसळून घशाला झोंबणारा वायू होतो. आधी पाण्यानं धुवा.

सात_रस्ता

परत पाणी.

मनीमाऊ_जुळेसोलापूर

पाण्याचं तुमचं खरं आहे, मान्य. आमच्याकडं बोअर आहे, मी लिहिताना ते लक्षातच घेतलं नव्हतं. पण एक तांब्या पाण्यात फडकं पिळून पुसता येतं, बादली ओतायला लागत नाही. साबण थोडा घातला तर दुसऱ्या हाताला पाणीही थोडं लागतं. आणि वासाचं म्हणाल तर ॲसिडनं जात नाही हो. मुतातलं युरिक ॲसिड तिथंच राहतं, पावसाळी हवा झाली की परत घमघमतं. त्यासाठी एन्झाइमवालं क्लिनर येतं, महाग आहे, पण ज्याचं कुत्रं आहे त्यालाच आणायला लावा.

सात_रस्ता

हे आवडलं. बिल वरच्या मजल्यावर पाठवतो.

शहाबादी_हीच_फरशी

जिना शहाबादीचा आहे का?

सात_रस्ता

होता.

फटकळ_काका

सगळं वाचलं. माझ्या सुनेनंही वाचलं, हे वाईट झालं. तिनं फिनाईलच्या बादलीवर झाकण ठेवायला लावलंय, कारण उन्हाळ्यात आमचा बोका त्या बादलीला तोंड लावतो म्हणे. मी कधी बघितलं नाही. फिनाईल तेच राहणार, पण मोरीत. हॉलमध्ये नाही. खूश?

मनीमाऊ_जुळेसोलापूर

झाकणाबद्दल सुनेला नमस्कार सांगा. ट्रंकेत चादरींमध्ये डांबराच्या गोळ्या आहेत का? बोका तिथं झोपतो का? त्याही मांजराला वाईट, रक्तावर परिणाम होतो.

फटकळ_काका

गोळ्या राहणार. त्या चादरी आमच्या आईच्या लग्नातल्या आहेत, कसर लागली तर तुम्ही विणून देणार?

मनीमाऊ_जुळेसोलापूर

मग ट्रंकेला कुलूप लावा.

फटकळ_काका

कुलूप आहे. किल्ली सापडत नाही. बोका आत आहे का ते बघायला आता सगळे माळ्यावर चढलेत.

फटकळ_काका

नाही. कुलरवर झोपलाय.