सल्ला हवा: रोबोंच्या लढाईचा बोर्ड गेम, 6 जण, 3000 रुपये, ठाणे

कोलशेतकर
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीचं क्लबहाऊस दर रविवारी 4 ते 7 मिळतं. सहा जण जमतो, त्यात माझा 12 वर्षांचा भाचा आणि साठी ओलांडलेले शेजारचे काका. कॅरम, रमी, कॅटन सगळं खेळून झालं. आता भाच्याला रोबो एकमेकांना फोडताना बघायचेत. सहाही जणांना एकत्र खेळता यावं आणि कुणी अर्ध्या तासात बाद होऊन भिंतीला टेकून बसू नये. माणशी 500 वर्गणी काढली, म्हणजे 3000. त्यावर एक रुपया नाही. काय घेऊ?

ऐरोलीचा_फासा
रोबोरॅली. दुसरा विचारच नको. प्रत्येकाने पाच चाली पत्त्यांतून आधीच लावून ठेवायच्या, मग एकेक पत्ता उघडत सगळ्यांचे रोबो चालायला लागतात. कुणी वाटेत ढकललं की तुमच्या पुढच्या चाली चुकीच्या घरातून सुरू होतात आणि रोबो थेट खड्ड्यात. पण तो परत येतो, त्यामुळे बाद कुणीच होत नाही. 2016 ची आवृत्ती 2 ते 6 जणांची आहे. माझ्याकडे पाच वर्षं आहे, एक पत्ता हरवलेला नाही. 3000 पेक्षा जास्त पडतील, पण वर्गणी वाढवा.

नेरूळ_ईस्ट
त्यांनी लढाई विचारली आहे. रोबोरॅली ही शर्यत आहे, सगळे चेकपॉइंट क्रमाने गाठणारा जिंकतो. लढाई हवी तर बॅटलटेक घ्या. 1984 पासूनचा खेळ, आधी नाव बॅटलड्रॉइड्स होतं. 20 टनांपासून 100 टनांपर्यंतचे मेक, म्हणजे माणूस आत बसून चालवतो ते लढाऊ रोबो, षटकोनी घरांचा नकाशा, आणि प्रत्येक हाताला, पायाला, धडाला वेगळं चिलखत. मार बसेल तसे कागदावरचे गोल एकेक करून भरत जायचे. माझ्याकडे आठ मेकचा मोठा डबा आहे, भावाने अमेरिकेहून आणला. आठही मी स्वतः रंगवलेत. बजेट विसरा, आयुष्यात एकदाच घ्यायची वस्तू आहे.

वर्तकनगर_72
कुणीही काहीही म्हणो, बाहेरून मागवू नका. मी जुलैत मागवला होता. कस्टमचे पैसे वेगळे भरले, पार्सल तीन आठवड्यांनी आलं तेव्हा डबा एका कोपऱ्यातून ओला. बोर्ड असा वाकला की त्यावर पुतळा उभा राहीना. दोन दिवस पाटाखाली दाबून ठेवला, वर वरवंटा. काहीही घेतलंत तरी पत्त्यांना प्लॅस्टिकची पाकिटं घाला आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. ठाण्याचा पावसाळा पुठ्ठ्याला सोडत नाही.

तलावपाळी_संध्याकाळ
किंग ऑफ टोकियो घ्या. 6 जण, अर्ध्या तासात डाव. आमच्या घरी सासूबाईसुद्धा खेळतात. त्यातही एक यांत्रिक ड्रॅगन आहे.

नेरूळ_ईस्ट
त्यात माणसं बाद होतात. प्रश्न वाचा.

तलावपाळी_संध्याकाळ
डाव छोटा असतो दादा, फार वेळ बसावं लागत नाही. आणि तोही गारफिल्डचाच खेळ आहे, रोबोरॅलीवाल्याचा.

ऐरोलीचा_फासा
गारफिल्डचं निघालंच आहे तर सांगतो. तो प्रकाशकाकडे गेला होता रोबोरॅली घेऊनच. छापायला महाग पडेल म्हणून त्यांनी आधी स्वस्तात होणारा पत्त्यांचा खेळ मागितला, त्यातून 1993 ला मॅजिक आला आणि 1994 ला रोबोरॅली. म्हणून म्हणतो, वर्गणी वाढवा.

कोलशेतकर
वर्गणी वाढणार नाही हो. काका पेन्शनर आहेत, त्यांच्याकडून जास्त मागणं मला पटत नाही. भाच्याला मात्र ते चिलखताचे गोल भरायचं फारच आवडलंय, सकाळपासून तेच चाललंय. तीन तासांत सहा जणांचा बॅटलटेक होतो का?

नेरूळ_ईस्ट
चार विरुद्ध चार मेक असतील तर नाही होत. आमचा एक डाव जेवणानंतर सुरू झाला, शेवटची ट्रान्सहार्बर लोकल चुकली तरी संपला नव्हता.

घणसोलीची_आई
होतो. मी मुलाबरोबर आणि त्याच्या मित्रांबरोबर खेळते म्हणून सांगते. एकाला एकच मेक द्या, तीन विरुद्ध तीन. जो गट पुढाकारासाठी टाकलेल्या फाशांत हरेल तो आधी हलतो, हे पहिल्याच दिवशी नीट समजावा, नाहीतर दर फेरीला भांडण. प्रत्येक शस्त्राला वेगळ्या रंगाच्या फाशांची जोडी द्या, म्हणजे सगळे एकदम टाकता येतात, निम्मा वेळ वाचतो. मेक फुटला तर त्याने पुढच्या फेरीला नकाशाच्या कडेवरून नवा आणायचा, हा आमचा घरचा नियम.

आणि डबा विकत घेऊच नका आधी. प्रकाशकाने सुरुवातीचे नियम फुकट दिलेले आहेत, ते प्रिंट काढा. पुतळे लागतातच असं नाही, पुठ्ठ्याचे तुकडे चालतात, फक्त तोंड कुठे आहे ते बाणाने दाखवा. मेकच्या चिलखताची शीट लॅमिनेट करा, मार्करने गोल भरा, ओल्या फडक्याने पुसा. काकांसाठी ए-3 वर काढा, ते गोल फार बारीक असतात. पहिल्या दिवशी सगळ्यांना हलके मेक द्या. जड मेक हळू चालतात, मुलं कंटाळतात.

वर्तकनगर_72
हेच सांगणार होतो, बाहेरून मागवू नका. आणि वडापाव खाऊन फाशांना हात लावायचा नाही, हा नियम पहिला.

ऐरोलीचा_फासा
पुठ्ठ्याच्या तुकड्यांनी मजा येत नाही. आणि नवशिक्यांना उष्णतेचा हिशेब जमत नाही, दोन फेऱ्यांत सगळी शस्त्रं झाडतात आणि मेक तापवून बंद पाडून बसतात. अजूनही रोबोरॅलीच सांगेन.

कोलशेतकर
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं. बॅटलटेक, प्रिंट काढून, तीन विरुद्ध तीन. झेरॉक्स, लॅमिनेशन आणि रंगीत फासे मिळून 900 च्या आत बसतंय, उरलेले पैसे परत वाटले.

हलक्या मेकचं मात्र ऐकत नाही. भाच्याने 85 टनी बॅटलमास्टर मागितला आहे आणि काकांनीही तोच. दोघं समोरासमोर. काका कारखान्यात फिटर होते, उष्णतेचा तक्ता बघून म्हणाले, हे मला कळतं, यंत्र तापलं की हात आखडता घ्यायचा. त्यांना हलका लोकस्ट मेक देऊन पळवत बसायचं माझ्या मनात येत नाही.

नेरूळ_ईस्ट, येत्या रविवारी तुमचा बॅटलमास्टर घेऊन ठाण्याला याल का? पुठ्ठ्याचा आहेच, पण भाच्याला एकदा रंगवलेला हातात घेऊन बघायचाय. स्टेशनवर मी घ्यायला येतो.

नेरूळ_ईस्ट
आठही आणतो. 4 वाजता ना?