मृणालताईंप्रमाणे वॉर्डातून काम सुरू करायचे, तर पक्षात जावे का?

उपनगरवासी:
मृणाल गोरे यांच्याविषयी गेल्या काही महिन्यांत मी मिळेल ते वाचले आणि त्याचा माझ्यावर खोल परिणाम झाला. वैद्यकीय शिक्षण सोडून त्या समाजवादी चळवळीत आल्या, १९५८ साली पती केशव गोरे यांचे निधन झाल्यावर लहान मुलीला सांभाळत त्यांनी गोरेगावातले काम चालू ठेवले आणि १९६१ मध्ये मुंबई महापालिकेवर निवडून येऊन पाण्याचा प्रश्न सभागृहात व रस्त्यावरही लढवला. मी कल्याणपलीकडे राहते. आमची सोसायटी टँकर विकत घेऊ शकते, पण मागच्या चाळीतल्या बायका पहाटेपासून नळाशी उभ्या असतात. त्यांच्यासाठी काही करावे अशी तीव्र इच्छा आहे, मात्र पक्षात गेले की प्रश्न मागे पडून पक्षच पुढे येतो, अशी भीती वाटते. नागरिकांचा स्वतंत्र गट करावा का? घरच्यांना तर राजकारण हा शब्दच नको आहे.

जुनी कार्यकर्ती:
ताई, तुमची भीती समजते, पण मृणालताईंचे उदाहरण तिला आधार देत नाही. 'पाणीवाली बाई' म्हणून त्या इतक्या लोकप्रिय झाल्या, की त्या आयुष्यभर पक्षाच्या कार्यकर्त्या होत्या हे आज सांगावे लागते. राष्ट्र सेवा दलाच्या शाखा, गोरेगावातले समाजवादी कार्यकर्ते आणि चाळीचाळीतून जोडलेल्या बायका यांच्याशिवाय हंड्यांचे मोर्चे निघालेच नसते. कोणी तरी आधी घरी येऊन, बसून, गाऱ्हाणे ऐकून गेलेले असे, म्हणूनच त्या बायका मोर्चाला येत.

त्याच वेळी पक्षाची भिंत त्यांनी कधी आड येऊ दिली नाही, हेही लक्षात घ्या. १९७२ साली महागाईविरोधी महिला समिती उभी राहिली तेव्हा समाजवादी मृणालताई आणि प्रमिला दंडवते यांच्याबरोबर मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्या रांगणेकर होत्या. कोणीही आपला पक्ष सोडून आले नव्हते. तेल, साखर, रॉकेल यांवर त्यांचे एकमत होते आणि तेवढ्या एकमतावर आजवर घराचा उंबरा न ओलांडलेल्या असंख्य स्त्रिया हातात लाटणे घेऊन रस्त्यावर आल्या. घरच्यांना हेच सांगून पाहा. रॉकेलच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या त्या बायकांच्या घरीही राजकारण हा शब्द कोणाला आवडत नसे.

सभागृहाबाहेरचा:
वरील प्रतिसादाशी मी निम्माच सहमत आहे. त्या काळच्या समाजवादी पक्षात अभ्यासवर्ग होत, वर्गणी गोळा होई, कार्यकर्ता वाद घालू शकत असे. आज अनेक ठिकाणी पक्षाची वॉर्डातली शाखा निवडणुकीपुरती जागी होते आणि नवख्या माणसाच्या वाट्याला फलक लावण्याचे काम येते. त्यामुळे निदान वर्षभर आधी प्रश्नावर पकड मिळवावी, असे मला प्रामाणिकपणे वाटते. चाळीला किती तास पाणी येते, कोणत्या टाकीतून येते, चावीवाला कोणाच्या सांगण्यावरून वेळ बदलतो आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकात त्या भागातील जलवाहिनीसाठी तरतूद आहे की नाही, हे आधी कागदावर आणा. जे सहज मिळत नाही ते माहितीच्या अधिकारात मागता येते.

मृणालताईंच्या कामातला हा भाग फारसा सांगितला जात नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याने अतिरिक्त ठरणाऱ्या जमिनींवर सामान्यांसाठी घरे झाली पाहिजेत, असा आग्रह धरून त्यांनी बाबुराव सामंत यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह नागरी निवारा परिषदेचे काम उभे केले. गोरेगावला दिंडोशी परिसरात त्यातून हजारो कुटुंबांना हक्काचे घर मिळाले. केवळ घोषणांनी ते घडले नसते. कायद्याचे कलम, जमिनीचा तपशील आणि सरकारदरबारी वर्षानुवर्षे चाललेला पाठपुरावा त्यामागे होता. गर्भलिंगनिदानाच्या विरोधात महाराष्ट्राने १९८८ साली देशात पहिल्यांदा कायदा केला, त्यासाठी स्त्री संघटनांनी बाहेर जी मागणी लावून धरली होती तिला विधानसभेत त्यांचा आवाज मिळाला. बाहेरचे आंदोलन आणि आतले संसदीय काम एकमेकांना असे जोडायचे, तर निवडणूक कायमची टाळून चालणार नाही. स्थानिक निवडणुकीला उभे राहण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत.

जुनी कार्यकर्ती:
अभ्यासाचा मुद्दा पूर्णपणे मान्य. मात्र तो एकटीने करू नका. चाळीतल्या दोघी-तिघींना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, अर्जावर त्यांच्या सह्या असू द्या आणि अधिकाऱ्यांसमोर त्यांनाच बोलू द्या. नाहीतर सोसायटीतल्या बाईने चाळीवर उपकार केले, असे त्याचे रूप होईल.

उपनगरवासी:
दोघांचेही मनापासून आभार. पक्षाचा निर्णय मी सध्या लांबणीवर टाकते, पण तो टाळत नाही. चाळीतल्या दोघींशी आजच बोलले. पाणी येण्याच्या आणि जाण्याच्या वेळा त्या स्वतः वहीत लिहिणार आहेत. महापालिकेच्या अंदाजपत्रकातले पाणीपुरवठ्याचे पान कसे वाचावे, हे समजावून सांगू शकेल असे येथे कोणी असल्यास कृपया कळवावे.