शब्दचर्चा: नवसागर

भाषांतरकार: एटना ज्वालामुखीवरचा एक लेख मराठीत आणतोय. लाव्हा निवताना भेगांतून वायू बाहेर पडतात आणि भेगांच्या काठावर पांढरे-पिवळट स्फटिक धरतात. त्यांतल्या एका दुर्मीळ हॅलाइड खनिजाचं नाव 'सॅल अमोनियाक'. कोशात 'नवसागर' मिळालं. पण नवसागर म्हटलं की 'गूळ-नवसागर जप्त' ही हातभट्टीची बातमीच डोळ्यांपुढे येते. खनिजाला हा शब्द शोभेल का? की सरळ 'अमोनियम क्लोराइड' लिहू?

तांबट-आळी: बिनधास्त 'नवसागर' लिहा. पदार्थ तोच. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागराची पूड टाकून कापसाच्या बोळ्याने फिरवतो, तेव्हा उठणारा पांढरा धूर आठवा. उष्णतेने त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात, दुसरा तांब्यावरचा गंज खातो, म्हणून कथील धरतं. वर गार हवेत दोन्ही वायू पुन्हा जुळतात, तोच तो धूर. एटनाच्या भेगेपाशीही हेच घडतं, फक्त तिथे स्फटिकाला वाढायला उसंत मिळते.

शाळामास्तर: नववी-दहावीच्या प्रयोगात उपडं नरसाळं ठेवून संप्लवन (घन पदार्थ द्रव न होता थेट वायू होणं) दाखवतात, ते याचंच.

भाषांतरकार: मग 'नव' आणि 'सागर' कुठून आले? समुद्री मीठ वाटतंय.

जुनी-पोथी: समुद्राचा काही संबंध नाही. फारसीत 'नौशादर', हिंदीत 'नौसादर', संस्कृत रसग्रंथांत (पारा-धातूंच्या औषधविद्येच्या पोथ्यांत) 'नवसार', 'नवसादर', 'नरसार'. आपल्या जिभेने त्याला ओळखीचा 'सागर' जोडला, इतकंच. फारसी शब्दाची 'अमर अग्नी' अशी एक व्युत्पत्ती सांगतात. ती खरी असो-नसो, शोभते मात्र. मध्य आशियात आजच्या ताजिकिस्तानातल्या डोंगरांत जमिनीखाली कोळशाचे थर शतकानुशतकं जळताहेत आणि तिथल्या भेगांवरही नवसागर जमतो. दहाव्या शतकातल्या अरब भूगोलकारांनी लिहून ठेवलंय की लोक अशा विवरावर खोली बांधून दारं-खिडक्या लिंपून घेत, वाफ आत थिजू देत, आणि मग ओल्या नमद्यात (लोकरीच्या जाड कापडात) अंग गुंडाळून घाईघाईने खरवडून आणत. म्हणजे ज्वालामुखी नसतानाही आग तीच, खनिज तेच.

आपल्याकडे 'रसरत्नसमुच्चया'त नवसाराला 'चूलिकालवण' असंही म्हटलंय आणि विटा भाजताना निघणारं पांढुरकं, हलकं लवण असं त्याचं वर्णन आहे. कर्नाल भागातले कुंभार वीटभट्टीतून नवसादर काढत, इजिप्तमध्ये उंटाच्या शेणाच्या गोवऱ्यांच्या काजळीतून काढत. मला स्वतःला 'चूलिकालवण' फार आवडतं, पण लेखात घातलंत तर वाचक स्वयंपाकघरात शिरेल.

बेसाल्टप्रेमी: एक शंका येईल म्हणून आधीच सांगतो. सह्याद्री अख्खा लाव्ह्याचा, मग इथे नवसागर का सापडत नाही? हे लवण पाण्यात सहज विरघळतं. एका पावसाळ्यात धुऊन जाईल, इथे तर सुमारे 6.6 कोटी वर्षं झाली. एटना, व्हेसुव्हियसलाही ते ताज्या उद्रेकानंतरच गोळा करावं लागतं, पाऊस आला की गेलं. दुर्मीळ म्हणतात ते नैसर्गिक स्फटिकाला. दुकानातला नवसागर कारखान्यात होतो.

भाषांतरकार: पटलं. पण 'नवसागराचे स्फटिक' लिहिलं तर पुन्हा हातभट्टी आठवणारच की!

तांबट-आळी: पहिल्यांदा 'नैसर्गिक नवसागर' म्हणा, कंसात अमोनियम क्लोराइड द्या, पुढे नुसतं 'नवसागर'. आणि 'मीठ' म्हणू नका; मीठ म्हटलं की सोडियम क्लोराइडच, आणि एटनाच्या भेगांवर तेही सापडतं. गोंधळ वाढेल.

जुनी-पोथी: सामान्यरूप 'नवसागराचे'च ठेवा, पुल्लिंगी. 'नवसागरचे' लिहिलंत तर एखाद्या गृहसंकुलाचं नाव वाटेल.