मदत हवी आहे: अंदमानात स्नॉर्केलिंग करताना माशांची छायाचित्रे कशी टिपावीत?

नमस्कार. येत्या जानेवारीत आम्ही अंदमानातील स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, येथे जात असून एलिफंट बीचवर स्नॉर्केलिंग करताना, म्हणजे मुखवटा आणि श्वास घेण्याची नळी लावून पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगताना, मासे आणि प्रवाळ यांची चांगली छायाचित्रे टिपावीत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

माझ्याकडे ऑलिंपस टीजी-६ हा १५ मीटर खोलीपर्यंत चालणारा कॅमेरा आहे. मागे मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ काढलेल्या छायाचित्रांत मात्र पिवळ्याजर्द पट्ट्यांचा मासाही हिरवट दिसला आणि फ्लॅश लावताच पाण्यातील कण पांढऱ्या ठिपक्यांसारखे चमकून सारी चौकट भरून गेली. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते, म्हणून या वेळी फ्लॅश बंद ठेवून, ऊन डोक्यावर असताना, माशाच्या शक्य तितके जवळ राहून रॉ स्वरूपात (नंतर रंग सुधारता यावेत म्हणून प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) छायाचित्रे घेण्याचा विचार आहे.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची रंगजुळवणी, पाण्यातच पांढऱ्या पाटीवर जुळवावा, की नंतर संगणकावर? या कॅमेऱ्यात शटरचा वेग थेट ठरवता येत नाही, तेव्हा लाटांवर हेलकावताना आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, किती ठेवावा? शिवाय लाइफ जॅकेटमुळे बुडी मारता येत नाही आणि वरून केवळ माशाची पाठ टिपली जाते. प्रवाळाला पाय न लावता बाजूचा कोन कसा साधावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.